मार्कोसचा खास माणूस ते मार्कोसविरुद्धचा साक्षीदार: प्रिमितिवो मिहारेस प्रकरणाची पार्श्वभूमी

2022 मध्ये फिलिपिन्सचा जुना हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस याचा मुलगा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि राजधानी मनिलातल्या दुकानांमधून मार्शल लॉवरची, म्हणजे मार्कोसने 1972 मध्ये लावलेल्या लष्करी कायद्यावरची पुस्तकं भराभर संपायला लागली. त्यात प्रिमितिवो मिहारेसचं पुस्तकही होतं, 1976 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेलं, मार्कोस नवरा-बायकोच्या राजवटीवरचं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. त्या काळाचा विषय निघाला की विमानतळावर गोळी घातलेला विरोधी नेता आठवतो, मार्कोसच्या बायकोचे बूट आठवतात आणि गाडी तिथेच थांबते. पण राजवट आतून कशी चालायची हे आतल्याच माणसाने सगळ्यात आधी उघड सांगितलं तो हा पत्रकार, आणि त्याची पुरेपूर किंमत त्याने आणि त्याच्या घराने मोजली.

सुरुवातीचं आयुष्य थोडक्यात उरकतो. 1931 चा जन्म, बातांगास प्रांत, मग मनिलात बातमीदारी, ती करता करता कायद्याचं शिक्षण आणि वकिलीची परीक्षा पास. मार्कोसच्या राजवाड्याची बीट, म्हणजे तिथल्या बातम्या आणायचं काम, त्याच्याकडे आली आणि तिथे त्याने इतकी जवळीक कमावली की लोक त्याला बातमीदारापेक्षा राष्ट्राध्यक्षांचा माणूस म्हणूनच ओळखायला लागले.

सप्टेंबर 1972 मध्ये मार्शल लॉ लागला. कागदावर तारीख 21, जाहीर केलं 23 ला, आणि मधल्या रात्री धरपकड. पेपर बंद, रेडिओ बंद, टीव्ही बंद. पहिल्या एकदोन दिवसांत जे दैनिक छापायला मोकळीक मिळाली ते मार्कोसच्याच जवळच्या माणसाचं होतं आणि मिहारेस त्याच दैनिकात होता. पत्रकारांच्या क्लबचा अध्यक्षही पुढे तोच झाला. 1973 मध्ये माध्यमांना परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारी एक परिषद निघाली, तिच्या डोक्यावरही तोच. म्हणजे ज्याच्या मित्रांना तुरुंगात टाकलं त्यांच्या धंद्याचा परवाना याच्या हातात होता. हे लपवण्यात काही अर्थ नाही आणि त्यानेही ते लपवलं नाही. माझ्या मते त्याच्या साक्षीला वजन आलं ते यामुळेच, बाहेर उभं राहून शिव्या देणारे पुष्कळ होते पण आकडे कुठे शिजले हे सांगू शकणारा एखादाच असतो.

आकडे म्हणजे कुठले, तर जानेवारी 1973 चे. नवीन राज्यघटनेला लोकांची मंजुरी घ्यायची म्हणून गुप्त मतदान न करता गावोगाव, मोहल्ल्यांत सभा भरवल्या, 15 वर्षांच्या पोरांनाही बोलावलं आणि हात वर करायला सांगितले. सरकारी निकाल असा की 1,49,76,561 बाजूने आणि 7,43,869 विरोधात. इतक्या घाईत भरलेल्या सभांचा हिशोब शेवटच्या एकापर्यंत लागला हेच खरं तर पुरेसं आहे. मिहारेसने पुढे सांगितलं की ते निकाल तयार केले होते. त्याच घटनेच्या जोरावर मार्कोस मुदत संपल्यावरही खुर्चीवर राहिला.

ऑक्टोबर 1974 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि परत आलाच नाही. फेब्रुवारी 1975 मध्ये त्याने उघड जाहीर केलं की आपण या राजवटीशी संबंध तोडतोय. मनिलातून लगेच सांगायला सुरुवात झाली की तो पैशांची अफरातफर करून पळालाय. आता सद्सद्विवेक जागा झाला की राजवाड्यात कुणाशी बिनसलं यावर आजही वाद घालणारे आहेत. मला वाटतं दोन्ही असू शकतं, आणि असलं तरी त्याने सांगितलेल्या गोष्टी खोट्या ठरत नाहीत.

17 जून 1975, वॉशिंग्टन. अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे त्याची साक्ष होती (आपल्याकडे आणीबाणी लागायला तेव्हा आठ दिवस होते). आदल्या दिवशी मनिलाहून फोन आला, आधी राष्ट्राध्यक्षांचा एक सहायक बोलला आणि मग खुद्द मार्कोस लाईनवर आला, साक्ष देऊ नकोस म्हणून. सोबत 50,000 डॉलरची ऑफर. ज्याच्या शब्दावर अख्ख्या देशातले पेपर चालू-बंद होत होते तो माणूस आपल्याच जुन्या बातमीदाराला फोन करून विनवतोय, यावरून साक्षीची धास्ती किती होती ते कळतं. मिहारेस गेला आणि बोलला. लाचेची गोष्टही त्याने दाबून ठेवली नाही आणि थोड्याच दिवसांत ती एका नावाजलेल्या अमेरिकी स्तंभलेखकाच्या कॉलममधून सगळीकडे गेली.

मग पुस्तक. ते घाईत लिहिलंय, रागात लिहिलंय, काही ठिकाणी ऐकीव गोष्टी आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी एकाच पानावर आल्यात, हे वाचताना जाणवतंच. पण मार्शल लॉच्या आधीच्या दिवसांत राजवाड्यात काय काय चाललं होतं तो भाग आजही वाचण्यासारखा आहे.

जानेवारी 1977 मध्ये तो पॅसिफिकमधल्या गुआम बेटाकडे निघाला असं शेवटचं कळलं आणि तिथून पुढे काहीच नाही, ना माणूस ना मृतदेह. त्याच वर्षी मनिलात त्याच्या 16 वर्षांच्या मुलाला फोन यायला लागले, तुझे वडील जिवंत आहेत, भेटायला ये. पोरगा गेला. नंतर मनिलाबाहेर त्याचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. वडिलांच्या साक्षीचा हिशोब त्या पोराशी चुकता केला, असंच मी मानतो आणि मानणारा मी एकटा नाही.

खरी गुंतागुंत याच्या पुढची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. मिहारेसची बायको स्वतः न्यायाधीश. 1986 मध्ये मार्कोस पळून अमेरिकेतल्या हवाई बेटांवर उतरला आणि तिथल्याच फेडरल कोर्टात छळ झालेल्या, मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या लोकांच्या वतीने एकत्र दावा उभा राहिला, सुमारे साडेनऊ हजार लोकांचा. मार्कोस 1989 मध्ये मेला, दावा त्याच्या इस्टेटीवर, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवर, चालू राहिला, ज्युरीने 1992 मध्ये इस्टेटीला जबाबदार धरलं आणि 1995 च्या अंतिम निकालात जवळपास 2 अब्ज डॉलर भरपाई ठरली. पण मालमत्ता फिलिपिन्समध्ये, तेव्हा निकालाची अंमलबजावणी तिथल्या कोर्टाकडूनच करून घ्यायला हवी. म्हणून 1997 च्या मे महिन्यात मनिलाशेजारच्या मकातीच्या कोर्टात अर्ज गेला, अर्जदारांत पहिलं नाव मिहारेसच्या बायकोचं. कोर्ट फी भरली 410 पेसो.

इस्टेटीच्या वकिलांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. फी कमी भरलीय म्हणाले, रक्कम इतकी मोठी आहे तर फी रकमेच्या प्रमाणात हवी. कोर्टाने हिशोब केला आणि आकडा काढला सुमारे 47 कोटी 20 लाख पेसो. तेवढी फी भरली नाही म्हणून 1998 मध्ये अर्ज फेटाळला. म्हणजे ज्यांची माणसं गेली त्यांनी, दुसऱ्या देशात केस जिंकल्यावर, ती अंमलात आणा एवढं म्हणायला आधी 47 कोटी काउंटरवर ठेवायचे. अर्जदारांचं म्हणणं साधं होतं, आम्ही नव्याने पैसे मागत नाही, लागलेला निकाल मान्य करा इतकंच म्हणतोय. हा मुद्दा सुप्रीम कोर्टात गेला आणि 12 एप्रिल 2005 ला निकाल आला की खालच्या कोर्टाने नियमातलं चुकीचं कलम लावलं. ते कलम मुळात परदेशी निकालांसाठी नव्हतंच, मालमत्तेशी संबंध नसलेल्या इतर दाव्यांना लागणारी ठरावीक फी इथे लागते आणि अर्जदारांनी भरली ती फी योग्यच होती. त्या देशात कायद्याची पोरं आज मिहारेस हे नाव शिकतात ते बहुतेक या केसमुळे, परदेशी निकालाला मान्यता कशी द्यायची या धड्यात, नवऱ्याच्या पुस्तकामुळे नाही. मला तरी ही गोष्ट बोचते, आठ वर्षं फक्त दारात कुठलं तिकीट लागतं यावर गेली आणि मधल्या काळात अर्जदार म्हातारे होत गेले, काही गेलेही.

आणि दार उघडूनही आत फारसं काही मिळालं नाही. केस परत मकातीला गेली, तिथे 2013 मध्ये पुन्हा फेटाळली, 2017 मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं, हवाईच्या कोर्टाला तसा अधिकारच नव्हता म्हणून. याच अपील कोर्टाच्या निकालाच्या आठेक महिने आधी, नोव्हेंबर 2016 मध्ये, मार्कोसला मनिलातल्या वीरांच्या दफनभूमीत सरकारी परवानगीने पुरण्यात आलं.

पैसे थोडेफार आले ते दुसऱ्या वाटांनी. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका तडजोडीतून साडेसात हजारांच्या आसपास लोकांना प्रत्येकी 1,000 डॉलर. आणि 2013 च्या कायद्याने स्विस बँकांमधून परत आलेल्या पैशातले 10 अब्ज पेसो भरपाईसाठी बाजूला काढले गेले, 75 हजारांवर अर्ज आले, 11,103 मंजूर झाले. त्यात छळाला गुण ठरवले होते, 1 ते 10, आणि मारले गेलेले किंवा अजूनही बेपत्ता असलेले सगळ्यात वर, पूर्ण 10.

पुस्तकाची नवी आवृत्ती 2017 मध्ये मनिलातल्या एका विद्यापीठाने काढली, त्यामागे नातवाचा पुढाकार होता. मार्कोस समर्थक अजूनही म्हणतात की पळपुट्या, पैसे खाल्लेल्या माणसाचं काय ऐकायचं. त्यांना एकच विचारावंसं वाटतं, तो खोटं बोलत होता तर त्याच्या साक्षीच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षाने स्वतः फोन का केला?