जुनी शेड अर्ध्या पैशांत? आधी पुरता हिशेब मांडा

"जुनी शेड घ्या, अर्ध्या पैशांत काम होतं." काजूचा कारखाना असो की बोटींची शेड, कोकणात हा सल्ला हमखास मिळतो. म्हणजे दुसरीकडची वापरलेली लोखंडी शेड सोडवून आणायची आणि इथे पुन्हा उभी करायची. पण स्वस्त पडतो तो फक्त सांगाडा. घाटातून वाहतूक, क्रेन, पाया, नटबोल्ट, पत्रे यांचा खर्च काही अर्धा होत नाही. सोडवायची मजुरी तर नव्या शेडला लागतच नाही.

खरी मेख गंजात आहे. खाऱ्या हवेत लोखंड रंगाखालून पोखरतं. खांबाचा तळ आणि पर्लिनचे (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्यांचे) सांधे हातोडीने ठोकून बघा. पापुद्रे सुटले तर खरवडून उरलेली जाडी मोजा. 5 मिमीची पट्टी 4 मिमी भरली, तर पाचवा हिस्सा लोखंड गेलं. (वरून ताजा रंग चकाकत असेल तर जास्तच ठोका.)

आणि वारा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर काय केलं, ते आठवा. आतल्या भागासाठी डिझाइन केलेली शेड इथे टिकेलच असं नाही. सौदा ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आयएस 875, भाग 3 (वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक) प्रमाणे तपासून घ्या. त्याची फी बजेटातच धरा.