बी-१२ आणि बी-६: एकाच गोळीतली दोन वेगळी गणितं

पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात म्हणून ‘नसांच्या’ गोळ्या सुरू केल्या, तर डबीवर बहुधा दोन नावं शेजारीशेजारी दिसतात: बी-१२ आणि बी-६. दोन्ही ‘बी’ जीवनसत्त्वांच्या एकाच कुटुंबातली, दोन्ही पाण्यात विरघळणारी. त्यामुळे ‘जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल’ हे वाक्य दोघांनाही सरसकट लावलं जातं. बी-१२ला ते बऱ्यापैकी लागू पडतं. बी-६च्या बाबतीत मात्र त्याच भरवशावर नसांना इजा होऊ शकते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

आधी डबीवरचे आकडे नीट वाचू. समजा बी-१२ १५०० मायक्रोग्रॅम आहे आणि बी-६ १०० मिलिग्रॅम. डोळ्यांत भरतो तो १५००. पण १५०० मायक्रोग्रॅम म्हणजे दीडच मिलिग्रॅम, आणि १०० मिलिग्रॅम म्हणजे तब्बल एक लाख मायक्रोग्रॅम. बरं, गरजेच्या पटीत मोजलं तर चित्र पुन्हा उलटतं. प्रौढ माणसाला दिवसाला बी-१२ साधारण २.४ मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे ही गोळी गरजेच्या सहाशे पटींहून जास्त. बी-६ची गरज १.३ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ते पाऊणशे पट. तरीही काळजी करायची ती बी-६ची. कारण गोळीत किती आहे यापेक्षा शरीर त्यातलं किती आत घेतं, हे महत्त्वाचं.

बी-१२च्या वाटेवर पहारा आहे. जठराच्या अस्तरातून एक खास प्रथिन पाझरतं, ते लहान आतड्यात बी-१२ला धरतं आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात नेऊन पोचवतं. तिथली दारं मोजकी. एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत गेलं की ती भरतात. उरलेल्यातलं सुमारे १ टक्का कुणाच्याही मदतीशिवाय झिरपतं. म्हणून १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून हाती लागतं साधारण पंधरा-सतरा मायक्रोग्रॅम. बाकीचं आतड्यातूनच पुढे निघून जातं, रक्तापर्यंत पोचतच नाही. ज्यांच्या जठरात ते प्रथिन तयारच होत नाही, त्यांना हे एक टक्काच तारतं. एवढा मोठा डोस उधळपट्टी वाटतो, पण त्यांच्यासाठी तो अगदी हिशेबी असतो. इंजेक्शनमुळे हा पहाराच टळतो. तेव्हा मात्र जास्तीचं बी-१२ खरोखर लघवीतून जातं. शिवाय यकृत काही मिलिग्रॅमचा साठा करतं, जो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणूनच कमतरता उघडी पडायलाही वर्षं लागतात.

बी-६ला असा पहारेकरी नाही. गोळी मोठी असेल तर त्यातलं बरंचसं सरळ रक्तात उतरतं. गोळ्यांमध्ये सहसा असतं ते पायरिडॉक्सिन, आणि ते आहे त्या रूपात कामाचं नसतं. यकृत त्याचं क्रियाशील रूप बनवतं, वापर झाल्यावर उरलेलं बदलून मूत्रपिंडांकडे धाडतं. पण या कामालाही वेग आहे, मर्यादा आहे. रोज मोठा डोस येत राहिला की न बदललेलं पायरिडॉक्सिन साचतं आणि, एका मांडणीनुसार, क्रियाशील रूपाचीच जागा अडवून बसतं. तसं असेल तर भरपूर घेऊनही पेशी उपाशी. झळ बसते ती मणक्यालगतच्या संवेदी (स्पर्श वगैरे जाणीव पोचवणाऱ्या) चेतापेशींच्या गाठींना. १९८३ साली दिवसाला २ ते ६ ग्रॅम पायरिडॉक्सिन घेणाऱ्या सात जणांची नोंद प्रसिद्ध झाली: चाल डळमळलेली, पाय बधिर. पुढे त्याहून बऱ्याच कमी डोसवरही, दीर्घकाळ घेतल्यास, असे रुग्ण आढळले. अमेरिकेत प्रौढांसाठी वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. बी-१२साठी अशी मर्यादा दोन्हीकडे ठरवलेली नाही.

मला सगळ्यात घातक वाटतो तो लक्षणांचा सारखेपणा. बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणं. बी-६ जास्त झालं तरी तेच. गोळीने फरक पडत नाही म्हणून माणूस दुसरी गोळी जोडतो, वर एखादं मल्टीव्हिटामिन, आणि प्रत्येकात थोडं थोडं बी-६ असतंच. म्हणून सगळ्या डब्या एकत्र ठेवून त्यांतल्या बी-६चे मिलिग्रॅम एकदा बेरजेने काढा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडबरोबर दिलेलं बी-६ मात्र स्वतःहून थांबवू नका. ते औषध शरीरातलं बी-६ घटवतं, तिथे ही गोळी नसांच्या रक्षणासाठीच असते.

आणि बी-६ जास्त झाल्याचं निदान होऊन ते बंद केलं, तर पहिले दोन-तीन आठवडे त्रास थोडा वाढूही शकतो. त्या दिवसांत घाबरून गोळी पुन्हा सुरू करू नका. नसा सावरायला महिने लागतात, आणि इजा खोल असेल तर थोडा बधिरपणा मागे उरतोही.