घास तोंडातच राहतो तेव्हा: डिमेन्शियाच्या रुग्णाला भरवताना

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला की घरोघरी एक तक्रार ऐकू येते: "घास तोंडात धरून बसतात, गिळतच नाहीत." हा हट्ट समजून वर दुसरा घास भरवला जातो आणि धोका तिथेच सुरू होतो. घास चावणं, जिभेने गोळा करून मागे ढकलणं हे मेंदूच्या वरच्या भागांच्या हुकमावर चालतं. घशातली पुढची क्रिया जेमतेम सेकंदभराची असते. ती मेंदूच्या तळाच्या भागातून आपोआप सुटते. आधी पहिला टप्पा विस्कटतो, म्हणून घास गालात पडून राहतो. पुढे दुसराही मंदावतो. मग श्वासनलिका झाकली जाण्याआधीच अन्न-पाणी तिच्यात शिरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया हे शेवटच्या टप्प्यातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे.

ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. घशाची संवेदना बोथट झाली की अन्न श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. जेवताना आवाज ओलसर, घरघरता होतो का, डोळ्यांत पाणी येतं का, धाप लागते का, मधूनमधून बारीक ताप येतो का, वजन उतरतंय का, हे पाहत राहा. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. बोलण्यावर उपचार करणारे हे तज्ज्ञ गिळण्याचेही असतात, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं.

पलंगावर रेलून भरवणं बंद करावं. खुर्चीत ताठ बसवा, पाय टेकलेले हवेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. हनुवटी किंचित खाली असू द्या. भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की रुग्ण वर पाहतो, मान मागे जाते आणि श्वासनलिकेचं तोंड जास्त उघडं पडतं. चहाचा चमचा घ्या, तोही अर्धाच भरा. कंठ वर जाऊन खाली आला की घास उतरला. मग गालात काही उरलंय का ते पाहा आणि त्यानंतरच पुढचा घास द्या. घास अडकलाच तर रिकामा चमचा ओठांना लावा. बऱ्याचदा तेवढ्याने गिळण्याची क्रिया सुरू होते. वरून पाणी ओतून घास ढकलू नका. जेवणाला 30 ते 40 मिनिटं लागणारच. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवा.

चमचा त्यांच्या हातात देऊन खालून आपल्या हाताचा आधार द्यावा. हात तोंडाकडे नेण्याची आयुष्यभराची सवय बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, आणि स्वतःच्या हाताने घास आला की तोंडही वेळेवर उघडतं.

पदार्थांत सगळ्यात फसवा म्हणजे पातळ आमटीत कालवलेला मोकळा भात. आमटी पुढे निसटते, शितं मागे राहतात. दूध-पोह्यांचंही तेच. चिवडा, शेव, भाकरीचा कडक पापुद्रा यांचे कण घशात विखुरतात. साबुदाण्याची खिचडी चिकटून बसते. तूप घालून घोटलेला गुरगुट्या भात, दाट वरण, नाचणीचं सत्त्व, घट्ट दही, कुस्करलेलं केळं हे एकजीव आणि ओलसर असल्याने सरळ उतरतात.

पाणी घशात सगळ्यात वेगाने धावतं, म्हणून ते दाट करणारी पावडर सुचवली जाते. ती आपल्या मनाने सुरू करू नये. डिमेन्शिया किंवा पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्या 515 रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. हनुवटी खाली करून साधं पातळ पेय पिणारे आणि दाट केलेलं पेय पिणारे यांच्यात तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. उलट शरीरातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, ताप हे त्रास दाट पेय पिणाऱ्यांत जास्त आढळले. दाट पाणी बेचव लागतं, माणूस कमी पितो.

ताटाकडेही पाहायला हवं. पांढऱ्या ताटलीतला दहीभात रुग्णाला वेगळा दिसतच नाही, चकचकीत स्टीलमध्ये दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते. 2004 मधल्या एका छोट्या अभ्यासात, गडद रंगाच्या भांड्यांत वाढल्यावर अल्झायमर्सच्या (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) 9 रुग्णांचं खाणं सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. नऊच माणसं, त्यामुळे फार मोठा दावा नको. पण लाल ताटली आणून पाहायला काय हरकत आहे?

दात घासण्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होतं. फुप्फुसात लाळ उतरणारच असेल तर तिच्यात जंतू कमी हवेत. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांतल्या अभ्यासात (2002) प्रत्येक जेवणानंतर तोंड स्वच्छ केलेल्यांपैकी 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, न केलेल्यांपैकी 19 टक्के लोकांना. कवळी रात्री काढून घासून ठेवावी. स्वतःचे दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसावी.

गिळणं दोन-चार दिवसांत एकदम बिघडलं तर दोष डिमेन्शियाला देऊ नका. डिमेन्शिया इतक्या झटपट सरकत नाही. तोंडातले छाले, बुरशी, बद्धकोष्ठता, संसर्ग, पक्षाघात किंवा शांत राहण्यासाठी नव्याने सुरू केलेलं औषध, यांपैकी काय आहे ते डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्या. तशी औषधं गिळण्याचे स्नायू जड करतात, काहींनी तोंड कोरडं पडतं.

नळीने अन्न देण्याचा प्रश्न आज ना उद्या येतो. नाकातून किंवा पोटात नळी घातली की अन्न फुप्फुसात जाणार नाही, अशी घरच्यांची समजूत असते. लाळ आणि पोटातून उलट वर येणारं अन्न तरीही उतरू शकतं. शिवाय नळी उपसली जाऊ नये म्हणून कधीकधी रुग्णाचे हात बांधले जातात. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रगत डिमेन्शियात नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचा सल्ला दिला आहे. चार चमचेच गेले तर चार चमचे. हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून, शक्यतो रुग्णाला स्वतःचं मत सांगता येत असतानाच, करून ठेवावा.