क्लॅरिनेटची रजिस्टर ट्यूब

क्लॅरिनेटच्या पाठीमागे, माउथपीसपासून थोड्या अंतरावर बसवलेली धातूची बारीक नळी. डाव्या अंगठ्याने ‘की’ (चावी) दाबली की तिचे तोंड उघडते. आतला व्यास साधारण ३ मिमी. आतले टोक वाद्याच्या पोकळीत किंचित पुढे आलेले असते, म्हणजे फुंकेचे पाणी भिंतीवरून ओघळताना तिच्यात शिरत नाही.

कोकणात देवळातली सनई आणि वरातीच्या बँडमधले क्लॅरिनेट दोन्ही ऐकू येतात, पण त्यांचे वागणे वेगळे. सनई शंकूच्या आकाराची. फुंक आणि ओठांचा दाब वाढवला की ‘सा’चा तार ‘सा’ होतो. क्लॅरिनेटची पोकळी जवळपास सरळ आणि रीडकडून (माउथपीसवरच्या कंप पावणाऱ्या पातळ पट्टीकडून) ध्वनीच्या दृष्टीने बंद. त्यामुळे स्वर तिप्पट कंपनसंख्येवर उडी घेतो आणि मंद्र ‘सा’च्या बोटांवर मध्य ‘सा’ नव्हे, त्याच्याही पुढचा मध्य सप्तकातला पंचम लागतो. सनईवरून क्लॅरिनेटकडे वळणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच उडतो.

ही उडी रजिस्टर ट्यूब घडवते. तिच्या छिद्रामुळे मूळ स्वर डळमळतो, वरचा टिकतो. वरच्या स्वराला धक्का लागू नये म्हणून छिद्र वाजत्या लांबीच्या एक-तृतीयांशावर हवे. पण ही लांबी प्रत्येक स्वराला बदलते आणि छिद्र मात्र एकच. मधल्या स्वरांना जागा जुळते, दोन्ही टोकांचे स्वर चढे लागतात.

त्यात याच छिद्राला गळ्याचा बी फ्लॅटही (उडीआधीच्या खालच्या स्वरांपैकी सर्वांत वरचा) काढायचा असतो. त्यासाठी ते मोठे हवे. उडीसाठी लहान पुरते. मोठे केले तर टोकाचे स्वर आणखी चढतात, फार अरुंद केले तर बी फ्लॅट घुसमटतो आणि उडी अडखळते. बी फ्लॅटचा तो दबका आवाज पुष्कळदा वादकाच्या माथी मारला जातो. खरे तर तो रचनेतलाच आहे. नळी लांब व अरुंद केली की तिच्यातल्या हवेचे जडत्व वाढते आणि चढेपणा आटोक्यात राहतो, म्हणून कारागीर व्यासाइतकेच लांबीकडेही पाहतात. पॅड (छिद्र झाकणारी गादी) किती उचलले जाते यावरही बी फ्लॅटचा मोकळेपणा ठरतो. बास क्लॅरिनेटमध्ये बहुधा दोन छिद्रे देऊन हे काम वाटून दिलेले असते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही. फडका ओढताना त्याचे धागे ट्यूबच्या पुढे आलेल्या टोकाला अडकतात, ओल धरतात आणि छिद्र अरुंद होते. वरचे स्वर अचानक अडू लागले तर रीड बदलण्याआधी ही नळी साफ करून पाहावी.