आयरिश कवितेतली बाई आणि जमीन, हे प्रकरण आलं कुठून

आयर्लंडच्या आजच्या कवयित्री माती, समुद्र, डोंगर यांच्यावर लिहितात तेव्हा त्यात बरेचदा एक राग असतो, तो समजायला खूप मागे जावं लागतं. त्या देशाचं नावच एरू या देवीवरून पडलंय, केरीमधल्या दोन डोंगरांना आजही अनू देवीचे स्तन म्हणतात, आणि जुन्या कथांमध्ये राजा गादीवर बसतो म्हणजे त्याचं जमिनीशी लग्नच लागतं. 18व्या शतकात, इंग्रजांच्या अमलात, 'अ‍ॅशलिंग' हा काव्यप्रकार गाजला. कवीला स्वप्नात एक देखणी बाई दिसते, ती आयर्लंड असते आणि आपल्या खऱ्या राजाची वाट बघत असते. येट्स आणि लेडी ग्रेगरी या आयरिश लेखकांच्या 1902च्या नाटकात ती म्हातारी होऊन येते आणि लग्नाला उभ्या पोराला लढायला घेऊन जाते. बाई म्हणजे देश, बाई म्हणजे माती, सगळं झालं, पण खऱ्या बाईचं काय? देशाच्या 1937च्या राज्यघटनेत तर ती घरात राहून देशाला आधार देते असंच लिहून टाकलं.

कवयित्री इव्हन बोलंडने हे थेट अंगावर घेतलं. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या पॅट्रिक पिअर्स या कवीची 1912ची 'मी आयर्लंड' अशी कविता होती, तिने त्याच नावाची कविता लिहून तिथे देवीऐवजी अर्धमेलं बाळ छातीशी धरून जहाजाने देश सोडणारी बाई आणली.

पॉला मीहनची कविता मला सगळ्यात जास्त हलवते. 1984च्या जानेवारीत ग्रॅनार्ड गावात 15 वर्षांची एक मुलगी येशूच्या आईच्या, मेरीच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली, बाळ गेलं आणि त्याच दिवशी तीही गेली. कवितेत ती मूर्तीच बोलते, की गाव झोपलं होतं, पोरीने मला हाक मारली आणि मी हलले नाही, आणि शेवटी ही दगडी मेरी दया मागते ती सूर्याकडे, त्याला सगळ्यांची आई म्हणून. म्हणजे चर्चच्या आधीची निसर्गदेवता परत येते, पण आता ती बाईच्या बाजूने.

नुआला नी गोनिल ही कवयित्री आयरिश भाषेतच लिहिते. तिच्या 2007च्या संग्रहात समुद्र सोडून जमिनीवर आलेल्या जलपऱ्या आहेत, आणि आपण पाण्यातून आलो हेच त्यांना कबूल करायचं नसतं.

यातलं बरंचसं लिहिलं जात असतानाच 1991ला आयरिश साहित्याचा तीन खंडांचा मोठा संग्रह आला, त्यात बायका इतक्या कमी की प्रचंड ओरड झाली, आणि 2002ला खास स्त्रियांच्या लेखनाचे आणखी दोन जाडजूड खंड काढावे लागले.