फेरीवाले खरंच काही भरत नाहीत?
‘आफ्रिकेतल्या शहरांत रस्त्यावरचे विक्रेते एक पैसाही भरत नाहीत, म्हणून ती शहरं मागे’ हा मेसेज जुनाच. नोंदणी नाही म्हणजे कर नाही, असं वाटणं साहजिक आहे.

पण घानाची राजधानी आक्रा घ्या. साबण-बिस्किटं विकणाऱ्या बाईकडून वसुलीवाला रोजचा टोल घेतो, हातात चिटोरं तिकीट देतो. आपल्या आठवडी बाजारातल्या पावतीसारखंच. कागदोपत्री हे शुल्क, पण जमा होतं ते शहराच्याच तिजोरीत. शिवाय ठोक मालाच्या किमतीत मुरलेला व्हॅट. नोंदणी नसल्यामुळे तो तिला वळता करून घेता येत नाही. आयकर अनेक जण भरत नाहीत, हे मात्र खरं.

पडताळायचंय? तिथल्या स्थानिक शासनाचं वार्षिक शुल्क-दरपत्रक पाहा, मग अंदाजपत्रकातली जमेची बाजू.