दोघं, एक गाडी आणि सह्याद्रीची कच्ची वाट : सातारा–कोयना–दापोली फेरीची पूर्वतयारी

साताऱ्याहून निघायचं, कोयनेच्या अंगाने कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायचं, गुहागर-दापोलीचा किनारा बघायचा आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढून परत यायचं. आमच्याकडून फोर-बाय-फोर गाडी नेणाऱ्या जोडप्यांची ही सगळ्यांत आवडती फेरी. कुणी लग्नानंतरची पहिली सहल म्हणून जातं, कुणी मुलं मार्गी लागल्यावर निवांत निघतं. गाडीची चावी हातात घेण्याआधी हे पत्रक दोघांनी एकत्र बसून वाचावं, अशी आमची मनापासून विनंती आहे.

ऑफ-रोडिंगच्या ग्रुपबरोबर जाताना तुमची गाडी रुतली तर ओढायला मागे दुसरी गाडी असते. जोडीच्या सहलीत ती नसते. त्यामुळे या सहलीचं सगळं नियोजन एकाच प्रश्नाभोवती करायचं: इथून माघारी फिरता येईल का? ज्या वाटेवर उत्तर ‘नाही’ असेल, ती कितीही सुंदर असली तरी दोघांनी एकट्याने घ्यायची नाही.

किती दिवस, कोणता मोसम

चार रात्री हव्यातच. तीन रात्रींत ही फेरी होते, पण मग रोज अंधार पडेपर्यंत स्टिअरिंग धरून बसावं लागतं आणि वाटेत थांबणं होत नाही. घाटात आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरची सरासरी धरा. कच्च्या वाटेवर तर ताशी आठ-दहा पुरे. नकाशातल्या ॲपने दाखवलेल्या वेळेत निदान निम्मी भर घाला. कच्च्या वाटेला दिवसातून दोन-अडीच तासांपेक्षा जास्त देऊ नका, आणि तेही सकाळी. संध्याकाळी वाट चुकली तर दुरुस्त करायला उजेड उरत नाही.

मोसम म्हणाल तर ऑक्टोबर सरता सरता ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटमाथा विलक्षण दिसतो हे खरं. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायचा तर तेव्हाच जावं लागतं. पण जून ते सप्टेंबर आम्ही गाडी फक्त डांबरी रस्त्यासाठी देतो. तांबडी माती भिजली की टायरच्या खाचा भरून जातात, रबर गुळगुळीत होतं आणि फोर-बाय-फोर असूनही गाडी उतारावर आडवी सरकते. आंबेनळी आणि वरंध हे घाट दरडींमुळे बंद होण्याचे दिवसही तेच.

पहिला टप्पा : पवनचक्क्यांचं पठार आणि कोयना

सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडी. दुसऱ्या दिवशी उंब्रज, मल्हारपेठमार्गे पाटण, आणि वर वनकुसवड्याचं पठार. या पठारांवरच्या पवनचक्क्या उभारताना त्यांची लांबलचक पाती ट्रेलरवरून वर न्यावी लागली. त्यासाठी केलेल्या वाटा रुंद आहेत, वळणं मोठी आहेत. कच्च्या रस्त्यावर पहिल्यांदा चालवणाऱ्याला हात बसवायला असली जागा दुसरी नाही. मात्र यातल्या काही वाटा कंपन्यांच्या ताब्यात आहेत. फाटक किंवा साखळी दिसली की तिथूनच वळायचं, पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही. वारा जोराचा असतो, दार उघडताना दोन्ही हातांनी धरा.

कोयनानगरला एक मुक्काम करा. धरणामागचा शिवसागर जलाशय आणि नवजा गावाजवळचा ओझर्डे धबधबा हे दोन्ही जवळ आहेत. इथलं जंगल कोयना अभयारण्याचं आहे. 2010 साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. या भागात डांबर सोडून एकाही पायवाटेवर गाडी घालायची नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं.

दुसरा टप्पा : किनारा

कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, तिथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर गुहागर. गुहागरहून दापोलीला जाताना धोपावे ते दाभोळ फेरीबोट घ्या. वाशिष्ठीची खाडी गाडीसकट ओलांडता येते आणि चिपळूण-खेडवरून पडणारा शंभरेक किलोमीटरचा वळसा वाचतो. दापोलीहून हर्णै, आंजर्ले, केळशी करत वेसवीला यायचं आणि दुसऱ्या फेरीबोटीने बागमांडल्याला उतरायचं, पलीकडे हरिहरेश्वर. परतताना म्हसळा, गोरेगावमार्गे महामार्गाला लागून पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा. बोटीच्या तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. डिझेलची टाकी चिपळूण आणि दापोलीला भरून घ्या.

किनाऱ्याबद्दल आमचा एक नियम आहे, त्याला अपवाद नाही. पुळणीवर गाडी न्यायची नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण गाडी थांबली की चाकांखालून पाणी निघून जातं आणि टायर बसत जातो. तेवढ्यात भरती आली तर गाडी हातची गेली. दुसरं कारण आमच्या दृष्टीने जास्त मोठं आहे. वेळाससारख्या गावांच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटं वाळूखाली असतं, चाक त्यावरून गेलेलं चालवणाऱ्याला कळतही नाही.

चालत फिरायला किनारा आहेच. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, दुसरी त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खडकांवर फोटो काढायला जाऊ नका.

तसंच सड्यांचं. कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारं, गाडी चालवायला मोकळे, सपाट दिसतात आणि मोह होतो. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी ही त्यांतली काही ठिकाणं, आणि 2022 साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. रेषा उथळ असतात; दुपारच्या उन्हात तर पायाखाली आल्या तरी दिसत नाहीत. चाकोरी असेल तिथेच गाडी, बाकी पायी, एवढं पाळलंत तरी पुरे.

कच्च्या वाटेवर गाडी कशी चालवायची

डांबर सुटलं की थांबा, उतरा आणि टायरमधली हवा कमी करा. डांबरावर 32 पीएसआय असेल तर खडकाळ वाटेवर 20 ते 22 वर आणा. टायर पसरतो, दगडाला धरून चालतो, आतल्या माणसांची हाडंही कमी खिळखिळी होतात. गाडीत प्रेशर गेज आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर ठेवलेला असतो. डांबरावर परत येताच हवा पूर्ववत भरायची. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो.

साधी कच्ची वाट 4एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग). उभा चढ, उभा उतार किंवा मोठे दगड आले की गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून 4एल (चारही चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त) टाका. कोरड्या डांबरावर मात्र 2एचच (फक्त दोन चाकांना ताकद) हवं, नाहीतर वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. उतारावर पहिला गिअर, पाय क्लचवरून बाजूला, इंजिनालाच गाडी धरू द्या. स्टिअरिंग धरताना अंगठे रिंगच्या आत अडकवू नका. दगडाला चाक आपटून स्टिअरिंग उलटं फिरलं की आतला अंगठा दुखावतो.

चढ अर्ध्यात सुटला तर वळायचा प्रयत्न कधीच करू नका; आडव्या झालेल्या गाडीला कलंडायला वेळ लागत नाही. ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि आलात तसे सरळ मागे.

ओढ्यात गाडी घालण्याआधी एकाने पायी उतरून तळ आणि खोली बघायची. महिंद्राच्या थार गाडीसाठी कंपनी 650 मिलिमीटर पाणी चालेल म्हणते, आमची मर्यादा त्याहून कमी: चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर जायचं नाही, आणि पाणी गढूळ व वेगाचं असेल तर घोट्याइतकं असलं तरी नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत हा खर्च मिळत नाही.

रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल. फावड्याने चाकांमागची माती काढा, हवा आणखी थोडी उतरवा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. एवढ्यावर निघाली नाही तर जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर बोलवा. ओढायचा पट्टा बंपरला किंवा ॲक्सलला बांधायचा नाही, हुकालाच, आणि ओढताना दोघांनीही पट्ट्याच्या रेषेतून लांब उभं राहायचं.

रस्ता विचारायचीही एक पद्धत आहे. ‘गाडी जाईल का?’ असं विचारलंत तर वाडीवरचा माणूस सौजन्याने ‘जाईल की’ म्हणतो, त्याच्या डोळ्यांसमोर मोटरसायकल असते. ‘इथून शेवटची चारचाकी कधी गेली?’ असं विचारा. उत्तर ‘काल दुधाची गाडी गेली’ असं आलं तर निर्धास्त जा. ‘पावसाच्या आधी’ असं आलं तर तिथेच वळा.

दोघांची कामं

भाडेकरारात दोघांची नावं आणि दोघांचे परवाने लावा, असा आमचा आग्रह असतो. एकाचा पाय मुरगळला, पोट बिघडलं तर दुसऱ्याला गाडी डांबरापर्यंत आणता आली पाहिजे. निघण्याआधी आमच्या आवारात दोघांनाही 4एलचा लिव्हर, जॅक आणि कॉम्प्रेसर हाताळायला देतो. ‘मी नुसती शेजारी बसणार आहे’ असं म्हणणाऱ्या ताईंनाही आम्ही चालकाच्या सीटवर बसवतो, आणि त्यांतल्या कित्येकजणी पुढे घाटात स्वतः चालवतात.

अवघड जागी एकाने गाडीच्या पुढे, चालवणाऱ्याला दिसेल असं उभं राहून हातांनी वाट दाखवायची. बोलून नाही, इंजिनाच्या आवाजात ‘डावीकडे’ कुणाची डावीकडे यावरून गोंधळ होतो. खुणा आधी ठरवा: कुठल्या बाजूला, किती, आणि थांब. ‘थांब’ दिसली की कारण न विचारता थांबायचं. दोघांपैकी एकाला जरी भीती वाटली तरी ती वाट त्या दिवसापुरती सोडायची. शेजारच्या सीटवर धक्के जास्त जाणवतात, कारण चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो आणि हातात स्टिअरिंग असतं. म्हणून दर अर्ध्या तासाला थांबा, पाय मोकळे करा, जागा बदला.

मुक्कामाचं घर ठरवताना जेवणाचं सकाळीच कळवा. कोकणातल्या घरगुती सोयींमध्ये माणसं मोजून स्वयंपाक होतो. मासे हवे असतील तर यजमानांना बाजार गाठावा लागतो. दोघांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, घाटमाथ्यावर रेंज जाते. रोज संध्याकाळी मुक्कामी पोचलात की आम्हाला एक मेसेज टाका. आठपर्यंत आला नाही तर आम्ही आधी तुम्हाला आणि मग यजमानांना फोन करतो, म्हणून त्यांचा नंबर निघतानाच लिहून द्या.

गाडी परत देताना

गाडी धुऊन आणायची गरज नाही. खाऱ्या वाऱ्याचा आणि फेरीबोटीवर उडालेल्या पाण्याचा थर आम्ही स्वतः खालून धुतो. तुम्ही फक्त खरं सांगा: कुठे घासली, कुठे आपटली, पाण्यात किती वेळ होती. खालची प्लेट घासली म्हणून आम्ही पैसे कापत नाही. ती त्यासाठीच बसवलेली असते. पण न सांगितलेला मार पुढच्या जोडप्याला घाटात भोवतो. बुकिंगसाठी निदान आठ दिवस आधी कळवा. नाताळच्या आठवड्यात गाड्या लवकर संपतात आणि किनारेही भरलेले असतात. जमलं तर जानेवारीतला मधला आठवडा निवडा.